आग विझली तरी कॉलम तापतच असतो

कॉलम भरण्याआधी सळ्यांच्या पिंजऱ्याला सिमेंटचे छोटे ठोकळे बांधतात, तेच कव्हर ब्लॉक. त्यांच्यामुळे मुख्य सळईच्या बाहेर काँक्रीटचा थर राहतो. काँक्रीटच्या बांधकामासाठीचं भारतीय मानक ‘आयएस 456’ आहे, त्यानुसार कॉलमला तो साधारणपणे 40 मिलिमीटर हवा. घाईत ब्लॉक निसटला आणि पिंजरा साच्याच्या फळीला टेकला, तर त्या बाजूला सळईचं आगीपासूनचं संरक्षणच गेलं.

अग्निचाचणीच्या भट्टीत तासाभरात 945 अंश सेल्सिअस तापमान होतं. सळई 600 अंशांना पोचली की तिची निम्मी ताकद गेलेली असते. काँक्रीट मात्र उष्णता सावकाश आत सोडतं. त्यातल्या पाण्याची वाफ होतानाही बरीच उष्णता खर्ची पडते. त्यामुळे वरचा थर भाजून निघाला तरी गाभा बराच वेळ शाबूत राहतो. जाड कॉलम जास्त तग धरतो तो यामुळेच. चारही बाजूंनी आग लागली, तर दोन तास टिकण्यासाठी किमान 300 मिलिमीटर जाडी लागते, चार तासांसाठी 450.

हीच वाफ कधी घातही करते. जास्त ताकदीचं काँक्रीट इतकं घट्ट असतं की वाफेला वाट मिळत नाही. मग ढलप्या उडतात आणि सळई उघडी पडते. यावर काँक्रीटमध्ये पॉलिप्रॉपिलीनचे बारीक तंतू मिसळतात. साधारण 165 अंशांना ते वितळतात आणि वाफेला वाट मिळते. मला हा उपाय फार सुंदर वाटतो.

पण खरी काळजी आग विझल्यानंतरची. बाहेरचा थर निवत असताना आतली उष्णता गाभ्याकडे सरकतच राहते. सळई थंड झाल्यावर बरीचशी ताकद परत मिळवते, काँक्रीट मिळवत नाही, उलट निवताना आणखी थोडी गमावतं. 2004 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या ग्रेटझेनबाखला भूमिगत पार्किंगची आग आटोक्यात आल्यावर छत कॉलमांभोवती फाटून खाली आलं आणि अग्निशमन दलाचे 7 जवान गेले. छतावर मातीचा जादा भारही होता.

म्हणून जळालेल्या गाळ्यातल्या काळ्या कॉलमवर लगेच प्लास्टर मारताना पाहिलं की जीव तुटतो. आधी हातोडीनं ठोकून पाहा. चांगलं काँक्रीट खणकन वाजतं, भाजलेलं बद्द. काही खडीत 300 अंशांपुढे गुलाबी छटाही येते, सगळ्या खडीत नाही. रंग दिसला नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा, कोअर (काँक्रीटमधून छिद्र पाडून काढलेला नळकांड्यासारखा तुकडा) काढून तपासून घ्या आणि तोवर स्लॅबला टेकू राहू द्या.