हवा किती टाकू?
स्पोर्ट्स कार असलेल्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

गाडी दुकानासमोर थांबते, काच खाली येते आणि आतून आवाज येतो, “चारही बत्तीस करा.” हॅचबॅक असो वा पोर्शे, आकडा तोच. हॅचबॅकला तो बऱ्याचदा चालून जातो. स्पोर्ट्स कारला मात्र आधी ‘चारही’ हा शब्दच सोडावा लागतो.

९९२ पिढीतली पोर्शे ९११ करेरा एस बघा. इंजिन मागच्या आसाच्याही मागे. पुढचे टायर २४५ मिलिमीटर रुंद, मागचे ३०५. वजन मागे जास्त, म्हणून हवाही मागे जास्त. आता माझ्दा एमएक्स-५. ती आपल्याकडे विकली जात नाही, पण परदेशात असलेली आपली पोरं तिच्याबद्दल व्हॉट्सअ‍ॅपवर विचारतात. ती हलकी, वजन पुढे-मागे जवळपास निम्मं-निम्मं. कंपनी चारही चाकांना २९ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) सांगते. तिथे ३५ भरलेत तर प्रत्येक खड्ड्यावर टणाटण उडेल.

तेव्हा आकडा आम्हाला विचारू नका, गाडीला विचारा. ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर स्टिकर असतो. काही गाड्यांत तो पेट्रोलच्या झाकणामागे असतो. त्यावर बहुतेकदा दोन ओळी असतात, एक दोघांसाठी आणि एक भरलेल्या गाडीसाठी. काही गाड्यांना जास्त वेगासाठी तिसरीही असते. टायरच्या अंगावर छापलेला आकडा तो नव्हे, ती त्या टायरची कमाल मर्यादा. एक ग्राहक तोच वाचून ५० भरून आले होते आणि गाडी फार आदळते म्हणून आम्हाला सस्पेन्शन उघडायला सांगत होते. हवा काढली, काम झालं. पैसे मागायचीही लाज वाटली.

टायरचा साइज किंवा प्रकार बदलला असेल तर स्टिकर पुरत नाही. साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, ‘एक्सएल’ लिहिलेला (जास्त भार पेलणारा) टायर आपला पूर्ण भार २.९ बारवर, म्हणजे ४२ पीएसआयवर उचलतो. साधा टायर २.५ बारवर, ३६ला. म्हणजे साध्याच्या जागी एक्सएल बसवून हवा तेवढीच ठेवली, तर त्याची जास्तीची ताकद वापरात येतच नाही. अशा वेळी भाराचा तक्ता बघून आकडा आम्ही काढून देतो.

थंड म्हणजे किती थंड?

स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा. गाडी किमान तीन तास उभी हवी, किंवा फार तर दोन-तीन किलोमीटर हळू चाललेली. हवामान दहा अंशांनी बदललं की दाब साधारण दीड पीएसआयने बदलतो. जानेवारीत पहाटे पुण्यात १२ अंशांवर भरलेली हवा एप्रिलच्या दुपारी ३८ अंशांवर, गाडी न हलवताही, चारेक पीएसआय जास्त दिसते. पार्किंगमध्ये एका बाजूला ऊन असेल तर त्या बाजूचे दोन टायरही चढलेले दिसतील. म्हणून हवा सकाळी, सावलीत बघा. गाडी दहा-पंधरा किलोमीटर पळवून आमच्याकडे आणलीत तर आम्ही स्टिकरपेक्षा तीन-चार जास्त ठेवतो. ती चूक नव्हे. दुसऱ्या दिवशी सकाळी ती बरोबर आकड्यावर येते.

इथे एका जुन्या समजुतीशी आमचं भांडण आहे. “उन्हाळा आहे, हवा जरा कमीच ठेवा, नाहीतर टायर फुटेल.” हे नेमकं उलटं आहे. हवा कमी असली की साइडवॉल प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकतो, सरळ होतो, पुन्हा वाकतो. तार वाकवून वाकवून तोडताना ती बोटांना गरम लागते ना, तसंच आत चालू असतं. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, गाड्यांना वेगमर्यादा १२०, आणि वाटेत टायरला श्वास घ्यायला वळण नाही की सिग्नल नाही. अशा रस्त्यावर टायर घात करतो तो बहुधा कमी हवेमुळे. लांब निघताना स्टिकरच्या खाली एकही पीएसआय जाऊ नका. तापल्यावर दाब चार-पाचने वाढतो, ते कंपनीने धरलेलंच असतं. ढाब्यावर थांबून गरम टायरची हवा काढू नका.

महाबळेश्वरला पोचल्यावर गेजवर एखादा पीएसआय जास्त दिसला तर तेही सोडून द्या. उंचीवर बाहेरची हवा विरळ, म्हणून गेज जास्त दाखवतो. रात्रीच्या गारव्यात तो फरक बराचसा भरून निघतो.

पावसातही तेच, हवा कमी करू नका. “ग्रिप मिळावी म्हणून थोडी कमी करा” हा सल्ला चिखलातल्या जीपला ठीक. डांबरावर साचलेल्या पाण्यात टायर तरंगायला लागतो तो वेग दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो. नासाच्या १९६०च्या दशकातल्या कामातून आलेला हा ठोकताळा आहे. त्या हिशेबाने ३२ पीएसआयला सुमारे ताशी ९४ किलोमीटर, २५ला सुमारे ८३. रुंद आणि झिजलेला टायर त्याआधीच तरंगू शकतो, आणि स्पोर्ट्स कारचे टायर रुंदच असतात.

स्वतःचा आकडा शोधायचा असेल तर

स्टिकर ही सुरुवात. रस्त्यावर त्याच्या वर एक-दोन पीएसआय एवढीच खेळायची जागा. वळणात गाडीचं नाक बाहेर जात असेल तर मागे एक वाढवून बघा. शेपूट सुटतेय असं वाटलं तर बाकी काही करण्याआधी मागची हवा स्टिकरवर आहे का ते बघा. एका वेळी एकच बदल, आणि तो वहीत लिहा. गेज स्वतःचं ठेवा. दोन पंपांवरची दोन मशीनं एकच आकडा सांगतील याची खात्री नाही.

आमच्याकडे यासाठी दोन साधनं आहेत. एक खडू. ट्रेडच्या, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या भागाच्या, कडेपासून साइडवॉलपर्यंत जाडसर रेघ ओढायची, ओळखीच्या वळणावळणाच्या रस्त्यावर चक्कर मारायची आणि खडू कुठपर्यंत पुसला ते बघायचं. साइडवॉलवर पुसला तर हवा कमी, कडेवर तसाच राहिला तर जास्त. दुसरं, रबरात टोचायचं सुईचं थर्मामीटर. गाडी थांबताच आतली कड, मध्य आणि बाहेरची कड मोजायची. मध्य जास्त गरम असेल तर हवा जास्त. दोन्ही कडा गरम असतील तर कमी. फक्त आतली कड फार गरम निघाली तर हवेला दोष देऊ नका, कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेरचा कल, दाखवायला या.

ट्रॅकचं गणित वेगळं. तिथे रस्त्याचा टायर थंडपेक्षा सहा-आठ पीएसआयने चढू शकतो, म्हणून दोन-तीन कमी ठेवून सुरू करतात आणि पिटमध्ये (ट्रॅकशेजारच्या थांब्यात) आल्याआल्या मोजतात. ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट घड्याळाच्या दिशेने फिरतं, त्यामुळे डावे टायर जास्त तापतात आणि हवा त्यांतूनच जास्त काढली जाते. संध्याकाळी थंड झाल्यावर तेच उजव्यांपेक्षा खाली दिसतात. घरी निघण्याआधी चारही पुन्हा स्टिकरवर आणा. हे विसरून हायवेने परत आलेला एक टायर आम्ही दुकानात ठेवलाय, आतून साइडवॉलचा भुगा झालेला. बघायला मागा.

नायट्रोजन? हवेत तो ७८ टक्के असतोच. कोरडा असतो हा फायदा खरा, पण तापल्यावर तोही तितकाच फुगतो. डॅशबोर्डवरचा कमी हवेचा दिवा लागतो तोवर बहुधा २० ते २५ टक्के हवा गेलेली असते, तेव्हा त्याच्या भरवशावर राहू नका. चांगल्या टायरचीही महिन्याला एक-दोन पीएसआय जातेच.

हवा तपासायचे आम्ही पैसे घेत नाही. दुकान नऊला उघडतं, पण आदल्या रात्री गाडी आमच्याकडे लावलीत तर सकाळी थंड टायरवर मोजून, चारही आकडे कार्डावर लिहून देतो. येताना व्हॉल्व्हची टोपणं शाबूत आहेत ना तेवढं बघा.