सोर्स कोडमधून सॉफ्टवेअर बसवून घेण्यापूर्वी

सर्व्हरवर एखादे ओपन सोर्स सॉफ्टवेअर हवे असले, की तुमच्या लिनक्सच्या अधिकृत रिपॉझिटरीत (पॅकेजांच्या साठ्यात) त्याचे तयार पॅकेज आहे का, हे आम्ही आधी पाहतो. त्याने काम भागत असेल तर तेच बसवतो आणि तुम्हीही तोच आग्रह धरा. कारण पॅकेजला सुरक्षेच्या दुरुस्त्या नेहमीच्या अपडेटबरोबर मिळत राहतात. सोर्समधून, म्हणजे मूळ कोड कंपाइल करून (त्याचा चालणारा प्रोग्राम बनवून) बसवलेल्या सॉफ्टवेअरची पॅकेज मॅनेजरला खबरच नसते, त्यामुळे त्यावर लक्ष ठेवणे हे कायमचे काम होऊन बसते.

तरीही कधी कधी दुसरा मार्ग नसतो. रिपॉझिटरीतली आवृत्ती फार जुनी असते, किंवा हवा तो पर्याय त्यात चालू केलेला नसतो. एफएफएमपेग हे व्हिडिओ-ऑडिओचे सॉफ्टवेअर नेहमीचे उदाहरण. इथे परवान्याकडेही बघावे लागते. एफएफएमपेग मूळचे एलजीपीएल या तुलनेने सैल ओपन सोर्स परवान्याखाली आहे. एक्स264 या व्हिडिओ एन्कोडरसारखे जीपीएल या जास्त कडक परवान्याचे भाग जोडले की सगळ्या बिल्डला (कंपाइल करून तयार झालेल्या प्रोग्रामला) जीपीएल लागू होतो, आणि ‘नॉनफ्री’ पर्याय वापरून केलेली बिल्ड दुसऱ्या कोणाला देताच येत नाही. बिल्ड तुमच्या उत्पादनासोबत ग्राहकांकडे जाणार असेल, तर काम सुरू होण्याआधीच आम्हाला सांगा.

कंपाइल कसे होते

बऱ्याच जुन्या प्रकल्पांत कॉन्फिगर, मेक आणि मेक इन्स्टॉल अशा तीन पायऱ्या असतात. नव्यांत त्यांऐवजी सीमेक किंवा मेसन हे साधन दिसते. कॉन्फिगर तुमच्या यंत्रावर कंपायलर आणि लायब्ररी (प्रोग्रामला लागणारा तयार कोड) आहेत का ते तपासून मेकफाइल, म्हणजे मेकसाठी सूचनांची फाइल, तयार करते. मेक हे साधन 1976 मध्ये बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी लिहिले. ज्या फाइली बदलल्या तेवढ्याच पुन्हा कंपाइल करायच्या, ही त्याची युक्ती आजही तितकीच उपयोगी आहे.

काम सर्वांत जास्त अडते ते कॉन्फिगरपाशी. ‘लायब्ररी तर आहे, मग नाही का म्हणतोय?’ असे अनेक जण विचारतात. चालवायला लागणारी लायब्ररी असते, पण कंपाइल करायला लागणाऱ्या हेडर फाइली (लायब्ररीत काय आहे ते कंपायलरला सांगणाऱ्या) नसतात. त्या वेगळ्या पॅकेजमध्ये येतात: डेबियन आणि उबुंटूवर त्याच्या नावाच्या शेवटी ‘डेव्ह’ असते, फेडोरावर ‘डेव्हल’.

रूटचे, म्हणजे सर्वाधिकारी खात्याचे, अधिकार फक्त शेवटच्या पायरीला द्यावेत. बाहेरून आणलेली बिल्ड स्क्रिप्ट रूट म्हणून चालवणे म्हणजे अख्खा सर्व्हर तिच्या हवाली करणे.

कोड खरा आहे ना?

चेकसम (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा आकडा) आणि जीपीजी सही (ती कोणी प्रसिद्ध केली हे दाखवणारी डिजिटल सही) आम्ही तपासतोच, पण तेवढे पुरत नाही. मार्च 2024 मध्ये एक्सझेड युटिल्स या फाइली लहान करणाऱ्या साधनाच्या 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांत मागचा दरवाजा (बॅकडोअर, म्हणजे चोरून आत शिरण्याची सोय) सापडला. तो घालणारा स्वतःच प्रकल्पाच्या देखभालकर्त्यांपैकी होता. घातक कोड बिल्डमध्ये ओढून घेणारी स्क्रिप्ट प्रकाशित टारबॉलमध्ये (सोर्सच्या एकत्र बांधलेल्या फाइलीत) होती, गिटमध्ये (कोडच्या बदलांच्या नोंदीत) नव्हती. आंद्रेस फ्रॉइंड या सॉफ्टवेअर अभियंत्यांना एसएसएच लॉगिनला (दुरून सर्व्हरवर शिरायला) लागणारा जास्तीचा वेळ खटकला, म्हणून ते उघडकीस आले. म्हणून आम्ही शक्य तिथे गिटमधल्या टॅगवरून (आवृत्तीच्या खुणेवरून) बिल्ड करतो.

बसवल्यानंतर

सहसा फाइली यूएसआर-लोकल या फोल्डरमध्ये जातात. जुने पॅकेजही राहिले असेल तर एकाच नावाचे दोन प्रोग्राम होतात आणि भलताच चालतो. मेक अनइन्स्टॉलची सोय सगळ्याच प्रकल्पांत नसते. त्यामुळे आम्ही प्रत्येक आवृत्ती वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतो आणि वापरलेले सगळे पर्याय लिहून तुम्हाला देतो. तो कागद जपून ठेवा. पुढची आवृत्ती बसवताना तोच लागतो.

तुम्ही स्वतः कंपाइल करत असाल आणि अडलात, तर स्क्रीनवरच्या शेवटच्या ओळीचा फोटो पाठवू नका. खरे कारण बहुधा पहिल्या एररमध्ये असते. मेक समांतर चालवला असेल तर एकाच जॉबने पुन्हा चालवा आणि ती पहिली एरर कॉपी करा. कॉन्फिगरच अडले असेल, तर त्याच फोल्डरमधली कॉन्फिग डॉट लॉग ही फाइल जशीच्या तशी पाठवा.