एन्व्हायर्नमेंटल आणि इकॉलॉजिकल इकॉनॉमिक्स: दोन्ही एकच का?

दोन्हीत पर्यावरण, दोन्हीत अर्थशास्त्र, त्यामुळे लोक बिनधास्त एकाच्या जागी दुसरं नाव ठोकून देतात. पण ही घराणी वेगळी आहेत आणि त्यांचं आपसात फारसं पटतही नाही.

पहिल्याचा, म्हणजे एन्व्हायर्नमेंटलचा, हिशोब सरळ आहे. कारखान्याने नदी नासवली, नुकसान गावाचं झालं, मालकाच्या वहीत त्याची नोंदच नाही, मग त्या नुकसानाचा आकडा काढा आणि टॅक्स लावून वसूल करा. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी १९२० मध्येच हे मांडलं होतं, आजचा कार्बन टॅक्स, म्हणजे कोळसा-तेल जाळून होणाऱ्या प्रदूषणावरचा कर, त्यातलाच.

दुसऱ्यातलं, म्हणजे इकॉलॉजिकलमधलं, मोठं नाव म्हणजे बार्सिलोनाचे जोआन मार्टिनेझ आलिएर, जन्म १९३९चा. सुरुवातीला त्यांनी दक्षिण स्पेनमधल्या शेतमजुरांचा आणि जमीनदारांचा अभ्यास केला, आणि मला वाटतं म्हणूनच त्यांना पर्यावरणाच्या भांडणात आधी माणसं दिसतात. त्यांचं म्हणणं असं की अर्थव्यवस्था ऊर्जेवर आणि कच्च्या मालावर चालते, एकदा जळलेला कोळसा परत जळत नाही, म्हणजे उद्या वाढ थांबवली तरी नव्या खाणी लागणारच, आणि त्या कुणाच्या तरी दारात उघडणार.

दक्षिण स्पेनमधल्या रिओ टिंटोच्या खाणीचं उदाहरण ते आवर्जून देतात. तिथे तांब्याच्या खनिजाचे ढीग उघड्यावर भाजायचे, गंधकाचा धूर खोऱ्यात साचायचा, पिकं करपायची, आणि धुरामुळे काम बंद पडलं की खाणकामगारांची त्या दिवसाची मजुरी निम्मी. ४ फेब्रुवारी १८८८ला शेतकरी आणि कामगार एकत्र चौकात जमले आणि सैन्याने गोळीबार केला. पर्यावरण हे पोट भरलेल्यांचं फॅड आहे म्हणणाऱ्यांना हे दाखवावं.

पहिल्या घराण्याचा माणूस इथे भरपाईचा रेट काढेल. आलिएर विचारतात, रेट ठरवणार कोण? गरिबाची जमीन स्वस्त, त्याची मजुरी स्वस्त, म्हणजे हिशोबात त्याचं नुकसानही स्वस्तच निघणार की! शिवाय काही गोष्टी पैशात मोजताच येत नाहीत. ओडिशातल्या नियमगिरीचंच बघा, तिथले डोंगरिया कोंध आदिवासी त्या डोंगराला देव मानतात, २०१३ला १२ ग्रामसभा झाल्या आणि बाराही गावांनी बॉक्साइटच्या खाणीला नाही म्हटलं. इथे भरपाई कसली लावणार?

म्हणून टॅक्स बेकार, असं मी म्हणणार नाही, चिमणीवर फिल्टर बसवून घ्यायला तो बरा पडतो. पण डोंगरच जाणार असेल तर मी आलिएर यांच्या बाजूने.