माळवदाचं घर संग्रहालयात का नाही

मराठवाड्यातून कोल्हापूरला सहल गेली की अंबाबाईच्या दर्शनानंतर गाडी हमखास कणेरी मठाकडे वळते. सिद्धगिरी संग्रहालयात बारा बलुतेदार आणि त्यांचं रोजचं जगणं पुतळ्यांतून उभं केलंय. लेकरं तिथं रमतात, आणि रमावीतच. पण खुल्या संग्रहालयाची मूळ कल्पना याहून धाडसाची होती. राहतं घरच उचलून आणायचं आणि त्यात चूल पेटती ठेवायची.

ही कल्पना नॉर्वे-स्वीडनची. 1881 मध्ये राजा दुसरा ऑस्कर याने ओस्लोजवळ जुन्या इमारती हलवून मांडायला सुरुवात केली. स्वीडनच्या आर्थर हाझेलियसला 1872 च्या प्रवासात जाणवलं, की खेड्यांतले जुने पेहराव आणि रीती डोळ्यांदेखत संपत चालल्यात. आधी त्याने वस्तू गोळा केल्या. मग 1891 मध्ये स्टॉकहोममध्ये ‘स्कान्सेन’ उघडलं. तिथं देशभरातली घरं आणली आणि त्यांत जुन्या वेशातली माणसं, गुरंढोरं ठेवली. हे जमलं त्याचं मोठं कारण लाकूड. ओंडक्यांची घरं, ओंडक्यांवर खुणा घालायच्या, घर सुटं करायचं आणि नव्या जागी तसंच जुळवायचं. चेन्नईजवळच्या ‘दक्षिणचित्र’मध्ये केरळची लाकडी घरं अशीच आली. पुण्याच्या केळकर संग्रहालयातला मस्तानी महालही कोथरूडहून आणून जुळवलेला आहे.

आपलं माळवद, म्हणजे सपाट छताचं घर, मात्र मातीचं. आपल्याकडे शेतजमीन ती काळी आणि गाव वसलेलं ते पांढरी. त्याच पांढरीच्या मातीने गावाचं छतही झालं. दोन-अडीच फुटी दगडमातीच्या भिंती, आत लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर फळ्या-काटक्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. दारात शिरताच ढाळज, म्हणजे बसाउठायची ओसरी. भिंतीत बळद, अंगणात पेव, म्हणजे वर्षाचं धान्य घराच्या पोटातच. छत गळू नये म्हणून पावसाळ्याआधी वर आणखी माती पडायची. उन्हाळ्यात या घरातला गारवा ज्याने अनुभवलाय त्याला पंख्याचं कौतुक वाटत नाही.

वर्षानुवर्षं चढत गेलेली तीच माती पुढे काळ झाली. 30 सप्टेंबर 1993, गणेश विसर्जनानंतरची पहाट, 3 वाजून 56 मिनिटं. किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हजारो माणसं याच भिंती आणि छतांखाली गेली. बऱ्याच ठिकाणी लाकडी सांगाडा उभा राहिला आणि भोवतीच्या दगडी भिंती कोसळल्या. 52 गावं नव्या जागी वसवली गेली: सरळ रस्ते, ओळीत घरं. ढाळज गेली, बळद गेलं.

माझ्या मते आपलं संग्रहालय न होण्याचं खरं कारण इथं आहे. हाझेलियसच्या लोकांना जुन्या घराचा लळा होता. आपल्याला त्या घराची भीती बसली, आणि ती रास्त होती. ज्या छताखाली आई-बाप गेले ते जपून ठेवा, असं कुठल्या तोंडाने सांगणार? भूकंपात न सापडलेल्या गावांतही लोक माळवद उतरवून पत्रे टाकू लागले.

तरी एक वाट आहे आणि ती भोपाळला दिसते. इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालय श्यामला टेकडीवर, तलावाकाठी, सुमारे 200 एकरांवर पसरलंय. तिथली आदिवासी घरं त्या-त्या समाजाच्या माणसांनी येऊन, आपल्या हातांनी बांधली. मातीचं घर उचलता येत नसेल तर ते बांधणारा हात आणायचा. माळवदासाठीही हेच करावं लागेल. दगड बसवणारा, खांबांमधले खण जुळवणारा सुतार, कुठली माती पाणी धरत नाही हे बोटांनी ओळखणारी म्हातारी, यांना बोलवावं लागेल. भिंत कुठे चुकली आणि लाकूड का टिकलं, हेही तिथंच उघडं करून दाखवता येईल.

एवढ्यात गावोगावच्या वाड्यांतून कोरीव दारं आणि सागवानी खांब विकले जाताहेत. माळवदाच्या घरातलं हलवता येण्याजोगं तेवढंच असतं, आणि तेच सगळ्यात आधी गाव सोडतं.