लॅब्रेडॉरला रोज तासभर जुंपायलाच हवं?

ब्रिटन-अमेरिकेत बदकांच्या शिकारीला लॅब्रेडॉर नेणाऱ्यांमध्ये एक जुना समज आहे: रोज तासभर सराव घेतला नाही, तर कुत्रा शिकलेलं विसरतो. नोकरदार माणूस इथेच हात टेकतो. पण २०११ साली प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधल्या प्रयोगात ४४ बीगल कुत्र्यांना टोपलीत जाऊन थांबायला शिकवलं. आठवड्यातून एक-दोनदाच शिकवलेले कुत्रे रोजच्यांपेक्षा सरस ठरले. चार आठवड्यांच्या खंडानंतरही सगळ्यांना ते आठवत होतं. (बीगल म्हणजे लॅब्रेडॉर नव्हे, हे मान्य.) दमसास मात्र रोजच्या फिरण्यानेच टिकतो. बाकी, ऑफिसला निघण्याआधी गवतात एक डमी (शिकारीच्या पक्ष्याऐवजी कुत्र्याला उचलून आणायला लावायचं कापडी गुंडाळं) फेका. हुकूम मिळेपर्यंत कुत्रा जागचा हलता कामा नये. पाच मिनिटं पुरे. तो अजून मागत असतानाच डमी पिशवीत.