ई-संसाधनांचा दूरस्थ वापर

विद्यापीठाने वर्गणी भरलेली नियतकालिके आणि ई-पुस्तके विद्यार्थ्याला आवाराबाहेरून वाचता यावीत, यासाठीची व्यवस्था.

आवारात बहुधा लॉगिन लागत नाही. विद्यापीठाच्या नेटवर्कचे आयपी पत्ते (इंटरनेटवरचे ओळख क्रमांक) प्रकाशकाकडे नोंदवलेले असतात. त्यांवरून आलेली मागणी आपोआप मान्य होते. विद्यार्थी घरी गेला, किंवा आवारातच वाय-फाय सोडून मोबाइल डेटावर आला, की पत्ता बदलतो आणि त्याच लेखाखाली किंमत दिसू लागते. ग्रंथालयाकडे हा लेख नाही, असे समजून तो शोध सोडतो. या व्यवस्थेतले सर्वांत मोठे नुकसान हेच: पैसे भरलेले असतात आणि वाचन होत नाही.

प्रॉक्सी, म्हणजे वाचकाची मागणी स्वतःमार्फत पुढे पाठवणारा मधला सर्व्हर, हा यावरचा रूढ उपाय. ईझेडप्रॉक्सी हे त्याचे सॉफ्टवेअर १९९९ पासून आहे. लिंकच्या आधी ग्रंथालयाचा प्रॉक्सी पत्ता जोडलेला असतो. विद्यापीठाच्या खात्याने लॉगिन केले, की पुढची मागणी विद्यापीठाच्याच पत्त्यावरून जाते. सर्च इंजिनातून थेट लेखावर गेल्यास हा जोड नसतो, म्हणून दार बंद. दुसरी वाट शिबोलेथ किंवा ओपनॲथेन्स या संस्थेच्या खात्यावरून ओळख पटवणाऱ्या प्रणालींची: प्रकाशकाच्या पानावर ‘संस्थेमार्फत लॉगिन’ निवडून विद्यापीठाचे नाव शोधायचे. इथे अनेक जण प्रकाशकाचे वैयक्तिक खाते उघडतात. त्याने वर्गणीतले काहीच खुले होत नाही. विद्यापीठाच्या नेटवर्कशी दुरून जोडणारे व्हीपीएन चालू असूनही अडले, तर त्यातून फक्त विद्यापीठाच्याच साइट जात आहेत का, ते पाहावे.

ई-पुस्तकांची अडचण वेगळी. काही परवाने एका वेळी एकाच वाचकाचे असतात. वाचून झाल्यावर ‘परत करा’ न दाबता टॅब बंद केला, तर सत्राची मुदत संपेपर्यंत प्रत अडकून राहते. परीक्षेच्या आदल्या रात्री हे फार जाणवते. परवान्यात मुभा असल्यास लागणारे प्रकरण आधीच उतरवून ठेवावे. मात्र स्क्रिप्ट लावून धडाधड लेख उतरवू नयेत. तसे केल्यास प्रकाशक प्रॉक्सीचा पत्ताच रोखतो आणि सगळ्या विद्यापीठाचे वाचन थांबते.

स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये पान म्हणजे नुसते चित्र असते. ओसीआर (चित्रातली अक्षरे ओळखून मजकूर बनवणे) केल्याशिवाय पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर ते वाचू शकत नाही, त्यामुळे दृष्टिबाधित विद्यार्थ्याला लॉगिन होऊनही मजकूर मिळत नाही.

लेख उघडत नसेल तर त्याचा डीओआय (लेखाचा कायमचा ओळख क्रमांक) ग्रंथालयाच्या शोधपानात टाकावा. तिथे नसल्यास अनपेवॉल ही सेवा लेखाची कायदेशीर मोफत प्रत दाखवते का, ते पाहावे. शेवटी आंतरग्रंथालयीन देवघेवीची मागणी करावी. ग्रंथपालाला तक्रार कळवताना पूर्ण लिंक, वेळ, आपण कोणत्या नेटवर्कवर होतो हे आणि पडद्यावरचा संदेश द्यावा. ‘उघडत नाही’ एवढ्यावरून दोष सापडत नाही.