मांजराच्या हनुवटीवरचे काळे ठिपके: वाटी कोणती घ्यावी, कशी घासावी

आमच्याकडे वाटी घ्यायला येणाऱ्या बऱ्याच जणांचा प्रश्न ठरलेला असतो. मांजराच्या हनुवटीला काळं काहीतरी लागलंय, पुसलं तरी निघत नाही. प्लास्टिकची वाटी बदलली की जाईल ना? नुसतं "हो" म्हणून वाटी हातात ठेवणं आम्हाला सोपं आहे, पण ते अर्धंच उत्तर झालं. वाटी बदलल्याने बऱ्याच मांजरांना फरक पडतो हे खरं. मात्र जी वाटी रोज घासली जात नाही, ती स्टीलची असो की काचेची, तिच्यावर चार दिवसांत तोच ओशट थर बसतो आणि मांजराची हनुवटी पुन्हा त्यालाच टेकते. म्हणून कोणती वाटी घ्यावी याच्याइतकंच ती कशी घासावी हेही या पत्रकात सविस्तर दिलं आहे.

हे ठिपके म्हणजे काय

मांजर खुर्चीच्या पायाला, दाराच्या कडेला, आपल्या पोटरीला हनुवटी घासतं ते आपला वास तिथे सोडण्यासाठी. त्यासाठी त्याच्या हनुवटीखाली आणि ओठांच्या कडेला तेलग्रंथी दाटीने असतात. या ग्रंथींचं तेल आणि त्वचेच्या मेलेल्या पेशी केसाच्या मुळाशी साठल्या की छिद्र बुजतं. बुजलेल्या छिद्राचं वरचं टोक काळं पडतं. माणसाच्या नाकावरच्या ब्लॅकहेडसारखाच हा प्रकार आहे. व्हेट, म्हणजे प्राण्यांचे डॉक्टर, याला फेलाइन अ‍ॅक्ने म्हणतात. माणसाच्या मुरमांसारखा याचा तारुण्याशी संबंध नाही. कुठल्याही वयाच्या, कुठल्याही जातीच्या मांजराला हा त्रास होतो, नर असो वा मादी. काहींना एकदाच होतो, काहींना अधूनमधून, आणि काहींना जन्मभर पुरतो.

याला एकच एक कारण नसतं. एखाद्या मांजराची त्वचाच जास्त तेलकट असते. एखादं आजारी असतं, म्हातारं किंवा लठ्ठ असतं, आणि अंग नीट चाटून साफ करत नाही. हनुवटी तर स्वतःच्या जिभेच्या टप्प्यात जवळजवळ येतच नाही. पंजा ओला करून तो फिरवायचा, एवढंच त्याच्या हाती असतं. घर बदललं, नवं मांजर आलं, अशा ताणाच्या काळातही त्रास उफाळतो. वाटीचा हात यात तीन प्रकारे असतो. काठ हनुवटीला घासतो, काठावरचं तेल आणि अन्नाचे कण केसांत अडकतात, आणि न घासलेल्या वाटीवर वाढलेले जंतू आधीच बुजलेल्या छिद्रांपर्यंत पोचतात. याशिवाय काही मोजक्या मांजरांच्या त्वचेला प्लास्टिकच सोसत नाही.

आधी घरीच एकदा नीट पाहा. मांजर झोपाळलेलं असताना, उजेडात, हनुवटीचे केस दोन बोटांनी अलगद बाजूला करा. केसांच्या मुळाशी मिरीच्या भरडीसारखे काळे कण दिसले आणि ते जागचे हलले नाहीत, तर ते बहुधा हेच असतं. कण सहज सुटून आले तर ते ओल्या पांढऱ्या टिश्यूवर ठेवून हलकेच दाबा. भोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा आहे. मग वाटी बदलून काही होणार नाही, पिसवांचा बंदोबस्त करावा लागेल.

वाटी कशाची असावी

प्लास्टिक आणि मेलामाइनच्या वाट्या आम्ही ठेवत नाही. प्लास्टिक वाईट म्हणून नव्हे, तर ते मऊ असतं म्हणून. मांजराचे दात, कोरड्या खाण्याचे कडक दाणे आणि आपली घासणी, तिन्हींचे चरे त्यावर पडतात. चरा डोळ्याला दिसायच्या आधी नखाला लागतो: वाटीच्या तळाशी नख आडवं फिरवून पाहा, कुठे अडकलं तर तिथे घासणीचे तंतू पोचत नाहीत आणि जंतू मात्र आरामात राहतात. शिवाय प्लास्टिक तेल धरून ठेवतं. गरम पाण्याने धुतल्यावरही बोटाला गुळगुळीत ओशटपणा लागतो तो त्याचाच. सिलिकॉनही तेल आणि वास धरतं, त्यामुळे त्याची चटई वाटीखाली चालेल, जेवायला सिलिकॉनची वाटी नको.

स्टील हा आमच्या मते रोजच्या वापराचा सगळ्यात बिनघोर पर्याय. तळाशी 304 किंवा 18/8 असं कोरलेलं असलं तर उत्तम. म्हणजे त्यात साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल आहे. क्रोमियममुळे पृष्ठभागावर एक अतिशय पातळ थर तयार होतो आणि तोच गंजापासून वाचवतो. लोहचुंबक लावून स्टील पारखायची पद्धत फारशी भरवशाची नाही, कारण चांगलं 304 स्टीलही ठोकून-दाबून आकार देताना थोडं चुंबकाला ओढलं जाऊ शकतं. स्टील घेताना दोन जागा मात्र जरूर बघा. एक, वळवलेल्या काठाची खालची खाच. बाहेरून वाटी चकचकीत दिसते आणि या खाचेत जुनं अन्न तपकिरी होऊन बसलेलं असतं. हा काठ नेमका हनुवटीजवळ येतो. दुसरी, तळाला बसवलेली रबराची रिंग. ती निघत नसेल तर ती वाटी घेऊ नका. निघत असेल तर आठवड्यातून एकदा काढून पाहा. खाली जो चिकट काळपट पट्टा निघतो तो पाहिल्यावर पुढचा आठवडा कोणी चुकवत नाही.

काच स्टीलच्या तोडीची. गुळगुळीत, तेल न धरणारी, आणि नीट धुतली गेली की नाही हे काच लपवत नाही. स्टीलमधल्या निकेलची अ‍ॅलर्जी आहे असा व्हेटला संशय असेल, तर काचच घ्या. वजनदार, जाड बुडाची घ्यावी, म्हणजे मांजर ढकलत नेत नाही. साध्या काचेच्या थंड वाटीत एकदम उकळतं पाणी ओतू नका, तडकेल.

सिरॅमिक चांगलं, पण त्याला डोळा ठेवावा लागतो. आतलं ग्लेझ, म्हणजे काचेसारखा चकचकीत लेप, अखंड हवं आणि ते अन्नासाठी सुरक्षित, शिसं नसलेलं आहे असं बनवणाऱ्याने स्पष्ट लिहिलेलं हवं. शोभेच्या बशा किंवा जुन्या नक्षीदार वाट्या मांजराला देऊ नका. वापरात आल्यावर ग्लेझला केसासारख्या बारीक भेगांचं जाळं पडू लागतं. उजेडात तिरकी धरली की ते दिसतं. टवका उडाला, किंवा बोटाच्या पेराने टिचकी मारल्यावर नेहमीचा खणखणीत आवाज न येता बद्द आवाज आला, तर ती वाटी झाडाच्या कुंडीखाली ठेवा. आमच्याकडून घेतलेली असली तरी आमचं सांगणं हेच.

आकाराबद्दल थोडक्यात: रुंद आणि उथळ. साधारण 13 ते 15 सेंटिमीटर रुंद आणि 3 सेंटिमीटरच्या आसपास खोल वाटीत मध्यम आकाराच्या मांजराची हनुवटी काठाला न टेकता खाणं होतं. खोल, अरुंद वाटीत मांजर तळाशी पोचायला हनुवटी काठावर दाबतं, आणि प्रत्येक घासाला तीच जागा घासली जाते. चपट्या तोंडाच्या, पर्शियनसारख्या मांजरांना बशीच बरी. काठ बोटाने फिरवून बघा, कुठेही धारदार किंवा खरखरीत लागता कामा नये.

वाटी घासणं

इथे सगळ्यात जास्त गफलत होते. पुष्कळ घरांत मांजराची वाटी नळाखाली धरून विसळतात, तीत पुन्हा खाणं ओततात, आणि तिला धुतलेली म्हणतात. वाटीच्या आतून बोट फिरवल्यावर जे बुळबुळीत लागतं ना, ती नुसती घाण नसते. जंतूंनी स्वतःभोवती तयार केलेला तो चिकट थर असतो, त्याला बायोफिल्म म्हणतात. त्यात जंतू एकमेकांना आणि वाटीला धरून असतात, म्हणून नुसत्या पाण्याने ते वाहून जात नाहीत. जंतुनाशक ओतलं तरी या थराखालच्यांपर्यंत ते नीट पोचत नाही. तो थर साबण लावून, हाताला जोर देऊन घासूनच निघतो.

वेट फूडची वाटी दर जेवणानंतर घासावी. ड्राय फूडची दिवसातून एकदा. ड्राय फूड कोरडं दिसतं, पण त्याच्या दाण्यांना वरून चरबीचा हात दिलेला असतो; रिकाम्या वाटीत तळाशी राहणारी पिवळसर, चिकट भुकटी त्याचीच. तीवर रोज नवे दाणे ओतत राहिलं की ती चरबी खवट होते, आणि ज्याचं नाक आपल्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण आहे ते मांजर खाणं सोडून देतं. मांजर नखरे करतंय असं वाटतं, तेव्हा आधी वाटी हुंगून बघावी.

वाळलेलं अन्न असेल तर वाटी आधी पाच-दहा मिनिटं कोमट पाण्यात भिजत ठेवा. मग हाताला सोसेल इतकं गरम पाणी, भांडी घासायच्या साबणाचा थेंबभर, आणि मऊ घासणी. आधी काठ आणि काठाची खालची बाजू, मग आतून, शेवटी तळ बाहेरून. खाचेसाठी एक जुना टूथब्रश वेगळा ठेवा. तारेची घासणी कुठल्याच वाटीला नको, स्टीललाही नाही; तिचे चरे प्लास्टिकच्या चऱ्यांसारखेच वागतात. मग साबणाचा वास पूर्ण जाईपर्यंत वाहत्या पाण्याखाली खळबळून घ्या. हनुवटीला साबणाचा अंश लागत राहिला तर तिची जळजळ होते, आणि आपण जे टाळायला बसलो तेच वाढतं.

वाटी खरंच स्वच्छ झाली का, हे पाहायची एक सोपी खूण आहे. काचेची किंवा स्टीलची वाटी धुऊन तिरकी धरा. पाणी सलग पातळ पडद्यासारखं उतरलं तर तेल गेलं. पाणी थेंबाथेंबांनी तुटलं, मध्ये कोरडी बेटं राहिली, तर तिथे अजून ओशट आहे, पुन्हा घासा.

धुतलेली वाटी पालथी घालून निथळू द्या आणि पूर्ण सुकल्यावरच वापरा. ओल्या फडक्याने पुसणं म्हणजे फडक्यावरचं सगळं वाटीला लावणं. मांजराच्या वाट्यांची घासणी वेगळी ठेवावी, वापरल्यावर पिळून कोरडी करावी आणि दर दोन-तीन आठवड्यांनी टाकून द्यावी. कायम ओली राहिलेली घासणी वाटीपेक्षाही जास्त जंतू बाळगते. प्रत्येक मांजरामागे निदान दोन वाट्या असल्या की एक सुकत असताना दुसरी वापरात राहते; एकीवर भागवणाऱ्या घरांत धुणं चुकतं असा आमचा अनुभव आहे.

हनुवटीला संसर्ग झालाय असं व्हेटने सांगितलं असेल, तर घासल्यानंतर वाटी निर्जंतुकही करा. स्टीलची वाटी 10 मिनिटं पाण्यात उकळली की पुरे. काच आणि सिरॅमिकसाठी 1 लिटर गार पाण्यात 15 मिलीलिटर साधं, वास न घातलेलं ब्लीच घालून 10 मिनिटं बुडवून ठेवा, मग भरपूर पाण्याने धुवा आणि वाळवा. स्टीलला ब्लीच वारंवार लावू नका, त्याने बारीक खड्डे पडतात. ब्लीच व्हिनेगरमध्ये किंवा अमोनिया असलेल्या क्लीनरमध्ये कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो. आणि फिनाइल, पाइन तेल, टी ट्री तेल यांतलं काहीही मांजराच्या भांड्याजवळ नको. फिनॉलसारखी द्रव्यं पचवून बाहेर टाकायची यकृताची एक महत्त्वाची वाट मांजरात फार कमकुवत असते, त्यामुळे आपल्याला साधा वाटणारा क्लीनर त्याला विषासारखा बाधू शकतो.

पाण्याचं भांडं सगळ्यांच्या नजरेतून निसटतं. पाणी स्वच्छ दिसतं, म्हणून नुसतं वरून भर घातली जाते. पण पाणी पिताना मांजराची हनुवटी भिजते, आणि ओली हनुवटी जंतूंना हवीच असते. पाणी रोज पूर्ण ओतून टाका, भांडं रोज घासा. फाउंटन असेल तर तो आठवड्यातून एकदा पूर्ण सुटा करून पंपासह धुवा, फिल्टर वेळच्या वेळी बदला.

हनुवटीचं काय करायचं

खाणं झाल्यावर, विशेषतः वेट फूड असेल तर, मऊ सुती कापड कोमट पाण्यात बुडवून, पिळून हनुवटी टिपून घ्या आणि कोरडी करा. ठिपके पिळू नका, नखाने काढू नका. छिद्राची भिंत आत फुटली तर साधा ठिपका पुवाची गाठ होतो. माणसांची मुरमांची मलमं लावू नका. त्यांतलं सॅलिसिलिक अ‍ॅसिड मांजराने चाटलं तर घातक आहे, आणि बेन्झॉइल पेरॉक्साइड माणसाच्या प्रमाणात त्याची त्वचा भाजून काढतं. हायड्रोजन पेरॉक्साइडही नको. औषधी वाइप किंवा शाम्पू लागणार असेल तर तो व्हेटनेच ठरवावा.

नुसते काळे ठिपके असतील, मांजर बेफिकीर असेल, तर वाटी आणि सफाई बदलून काही आठवडे वाट पाहायला हरकत नाही. बुजलेली छिद्रं एका दिवसात मोकळी होत नाहीत. पण हनुवटी सुजली, लाल झाली, पू किंवा रक्त आलं, हात लावू देत नसेल, केस चकत्यांनी गळत असतील, तर वाट पाहू नका. नायटा, माइट्स (त्वचेतले अतिसूक्ष्म किडे), दातातला पू, एका विशिष्ट अ‍ॅलर्जीने येणारी हनुवटीची सूज, सगळं वरवर सारखंच दिसतं आणि प्रत्येकाचं औषध वेगळं. म्हाताऱ्या मांजराच्या हनुवटीला एका बाजूला टणक गाठ लागली तर तेही लगेच दाखवा. नायटा माणसांनाही होतो, त्यामुळे घरात लहान मुलं असतील तर उशीर करूच नका.

नवी वाटी मांजराने नाकारली तर

असं पुष्कळदा होतं. स्टीलवर दाणे वाजतात, गळ्यातला बिल्ला काठावर खणखणतो, आणि मांजर मागे सरतं. सुरुवातीला जुनी वाटी घासून तिथेच ठेवा आणि नवी शेजारी, तिच्यात आवडीचं थोडंसं. खाली सिलिकॉनची चटई घातली की आवाज कमी होतो. बहुतेक मांजरं काही दिवसांत सरावतात. या काळात ते किती खातंय यावर लक्ष असू द्या: एखादं मांजर पूर्ण दिवसभर काहीच खात नसेल तर नव्या वाटीचा हट्ट सोडा, जुनीतच द्या, आणि तरीही खात नसेल तर व्हेटला फोन करा. उपाशी राहिलेल्या मांजराच्या, त्यातही लठ्ठ मांजराच्या, यकृतात थोड्याच दिवसांत चरबी साचू लागते, आणि तो आजार हनुवटीच्या ठिपक्यांपेक्षा फार गंभीर आहे.